घेतला वसा

श्रावणातल्या रविवारी आजी आदित्यराणूबाईची कहाणी वाचायची. गिरगावातली आमची दीड खोली, पाटावर विड्याचं पान, आम्हा पोरांच्या मुठीत चार-चार तांदूळ आणि आजीच्या हातात चातुर्मासाचं पुस्तक. त्याची पहिली काही पानं केव्हाच गळून गेली होती. तिला पुस्तकाची गरजही नव्हती, सगळं तोंडपाठ होतं. पण वाचलेल्या कहाणीचंच पुण्य लागतं अशी तिची समजूत. कहाणी चालू असताना उठायचं नाही आणि मूठ उघडायची नाही. तांदूळ घामानं चिकट व्हायचे.

त्या कहाणीतली एक जागा मला खटकायची. गरीब ब्राह्मण रानात जातो, तिथं देवकन्या कसलासा वसा वसत बसलेल्या असतात. तो विचारतो, हा वसा कसला, मलाही सांगा. त्या सांगतात, पण आधी त्याचाच पाणउतारा करतात. तुला कशाला हवा, तू उतशील, मातशील आणि घेतलेला वसा टाकून मोकळा होशील. मी आजीला विचारलं, त्यानं अजून घेतलाही नाही, मग आधीच असं का बोलायचं? आजी चष्म्यावरून बघत म्हणाली, "टाकलेला वसा कुणाच्या तरी अंगावर पडतो रे. ते त्यांना ठाऊक असतं."

हे मला कळायला पुढं पंचवीसेक वर्षं लागली आणि त्यासाठी एक माहितीपट पाहावा लागला. आता माझी नात मूठ आवळून समोर बसली आहे, तर तिला मी हीच कहाणी सांगतो. पुस्तकात नाही ती. उठायचं नाही.

आटपाट नगर होतं. कागदोपत्री त्याला बॉम्बे म्हणत, आम्ही मुंबईच म्हणायचो. त्या नगरात पटवर्धनांच्या घरी १९५० साली एक मुलगा जन्मला, आनंद त्याचं नाव. काका अच्युतराव आणि रावसाहेब हे नगरचे, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरचे, स्वातंत्र्यलढ्यातले नावाजलेले. बेचाळीसच्या चळवळीत अच्युतराव भूमिगत राहून लढले. आई निर्मलाबाई शांतिनिकेतनात शिकलेल्या, मातीची भांडी घडवणाऱ्या कलावंत. अशा घरात वसा आपोआप येतो असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. वारशानं घर मिळतं, दागिने मिळतात, फार तर आडनाव मिळतं. वसा ज्याचा त्यानंच घ्यायचा असतो, आणि घ्यायच्या वेळी कुणीतरी त्याला टाकून बोलावं लागतं.

हा मुलगा इंग्रजी साहित्य शिकला, अमेरिकेत जाऊन समाजशास्त्र शिकला. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांत तिथं तुरुंगातही जाऊन आला. परत आल्यावर होशंगाबाद जिल्ह्यातल्या खेड्यात काम केलं आणि तिथून १९७४ मध्ये जयप्रकाशांच्या आंदोलनात बिहारला पोचला. ४ नोव्हेंबरला पाटण्यात मोठा मोर्चा निघायचा होता. पोलीस हात चालवणार हे सगळ्यांना दिसत होतं. चळवळीला त्याचा पुरावा हवा होता, म्हणून कॅमेरा हवा होता. कॅमेरा हातात आला तो असा. कलेची हौस वगैरे नंतरची गोष्ट, आधी साक्षीपुरता कॅमेरा. तोही उसना, हौशी लोक घरच्या वाढदिवसाला वापरत तसला सुपर एटचा. मग ती छोटी फिल्म पडद्यावर दाखवायची आणि मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यानं तो पडदाच पुन्हा टिपायचा, असा उद्योग करून 'क्रांती की तरंगें' तयार झाला. लगोलग आणीबाणी आली. तेव्हा त्याचे तुकडे करून ते वेगवेगळ्या माणसांबरोबर देशाबाहेर धाडले आणि परदेशात पुन्हा जोडले. लोणच्याच्या बरणीबरोबर चित्रपटाचा तुकडा गेला असेल, अशी कल्पना मी आपला करत असतो. ती माझीच, खरी मानू नका.

पण वशाची खरी गोष्ट याच्या पुढं आहे.

१९८१ चा जुलै. धो धो पाऊस. राज्य सरकारनं फुटपाथवरच्या आणि झोपड्यांतल्या लोकांना उचलून बसमध्ये कोंबून शहराबाहेर सोडायची मोहीम काढली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८५ मध्ये न्यायालयानं जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो हे मान्य केलं, पण फुटपाथ काही लोकांना मिळाला नाही. याच वर्षांत पटवर्धन मोडलेल्या झोपड्यांमधून कॅमेरा घेऊन हिंडत होते. एकीकडं इमारती बांधणारे, रस्ते करणारे, भांडी घासणारे हात आणि दुसरीकडं दिवाणखान्यात बसून 'या लोकांनी शहर घाण केलं' म्हणणारी तोंडं. हा माहितीपट म्हणजे 'बॉम्बे: अवर सिटी', हिंदीत 'हमारा शहर'. १९८५ साली आला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यात एक बाई आहे. तिचं घर पाडलेलं आहे. कॅमेरा समोर आल्यावर ती रडत नाही, गाऱ्हाणंही सांगत नाही. कॅमेऱ्यामागच्या माणसालाच धरते. तुम्ही गरिबांचे फोटो काढणार, त्यावर नाव कमावणार, याहून तुमच्या हातून काय व्हायचंय, असा तिच्या बोलण्याचा रोख.

मी तो माहितीपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा खुर्चीत नीट बसता येईना. आजीचा आवाज ऐकू आला. तुला कशाला हवा वसा. उतशील, मातशील.

विचार करा, संकलनाच्या टेबलावर ती फिल्म पडलेली आहे. हा तुकडा कापून टोपलीत टाकला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. सव्वा तासाच्या माहितीपटात एवढासा प्रसंग. आणि कापायला कारणंही चांगली सापडली असती. लोकांचं लक्ष मूळ प्रश्नावरून उडतं, बाई संतापाच्या भरात बोलली, आपण तर तिच्याच बाजूचे आहोत. पटवर्धनांनी तो ठेवला. ज्यानं साक्ष गोळा केली, त्यानं स्वतःविरुद्धची साक्षही फायलीत लावली. त्या दिवसापासून तो माहितीपट जिथं जिथं दाखवला गेला, तिथं ती बाई दर वेळी त्यांना तोच प्रश्न विचारत राहिली.

पुढच्याच वर्षी, १९८६ च्या मार्चमध्ये, कफ परेडजवळचं संजय गांधी नगर पाडलं. पुरस्कारविजेत्या दिग्दर्शकानं एक लेख लिहून दिला असता तरी चाललं असतं. पटवर्धन वस्तीतल्या रहिवाशांबरोबर उपोषणाला बसले, शबाना आझमीही बसल्या. पाच दिवसांनी सरकार हललं आणि त्या कुटुंबांना गोरेगावला दिंडोशीत जागा मिळाली. दक्षिण टोकाचं बिऱ्हाड उत्तरेला गेलं, कामं सुटली, पोरांच्या शाळा सुटल्या. सोन्याचं ताट कुणाला मिळालं नाही. पण पायाखाली जमीन आली.

आता जरा माझंही सांगतो, कारण कहाणीत वसा टाकणाराही लागतो. तो नसेल तर कहाणी पुढं सरकतच नाही.

त्याच वर्षांत मी एका दैनिकात शहराच्या बातम्या करायचो. रुळाकडेची एक वस्ती पाडली होती, आमचा छायाचित्रकार रजेवर होता, म्हणून मी घरचा आग्फा क्लिक थ्री गळ्यात अडकवून गेलो. बारा फोटोंचा रोल. अकरा झाले. बारावा फोटो एका बाईचा काढला. पत्र्याच्या पेटीवर ती बसलेली, पेटीवर शेजारी पितळी स्टोव्ह, कडेवर वर्षा-दीड वर्षाचं पोर. पोराच्या हातात स्टोव्हची पिन होती, ती त्यानं झेंड्यासारखी उंच धरलेली. मला फार चांगला फोटो मिळाला होता आणि तो मिळाल्याचं मला तिथंच कळलं होतं. ती म्हणाली, "दादा, याचा एक फोटो मला द्याल का? याचा अजून एकपण फोटो नाही." मी म्हटलं, "गुरुवारी आणून देतो."

रविवारच्या पुरवणीत तो तीन कॉलमांत छापून आला. खाली ओळ होती, 'बेघर'. संपादकांनी खांद्यावर हात ठेवला. पोस्टकार्ड साइजची एक प्रत मी तिच्यासाठी काढून घेतली होती, पाकिटातही घातली. गुरुवार गेला. मग कामगारांचा संप, मग पाणीकपात, मग कुठली तरी निवडणूक.

असो. मूठ आवळून धर गं, कहाणी अजून आहे.

आदित्यराणूबाईच्या कहाणीत ब्राह्मण आपल्या मोठ्या लेकीकडं जातो. ती राणी झालेली. तो म्हणतो, माझी कहाणी ऐक. ती म्हणते, आत्ता वेळ नाही, राजा शिकारीला निघालाय. इथली राणी म्हणजे दूरदर्शन. तेव्हा घरोघरी तेवढंच एक दिसायचं. 'बॉम्बे: अवर सिटी' दाखवायला चार वर्षं कोर्टात झगडावं लागलं. अयोध्येवरचा 'राम के नाम' कोर्टाच्या हुकमानंच दूरदर्शनवर आला. 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' १९९५ चा, तो दाखवला गेला २००६ साली, सर्वोच्च न्यायालयानं काटछाट न करता दाखवा म्हणून सांगितल्यावर. अणुबॉम्बवरच्या 'जंग और अमन'ला सेन्सॉरनं एकवीस कट सुचवले, तिथंही २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातूनच सुटका. गंमत म्हणजे पुरस्कार देणारंही सरकार आणि दार लावणारंही सरकार. एका हातानं शाल, दुसऱ्या हातानं कडी.

कहाणीत पुढं काय होतं? ज्याला ऐकायला वेळ आहे त्याला शोधलं जातं. मोळीविक्या, पाणी न लागलेल्या विहिरीपाशी बसलेला माळी, पोरं गमावलेली म्हातारी. त्यांना वेळच वेळ असतो. पटवर्धनांचे माहितीपट असेच पोचले. कॉलेजांत, युनियनच्या हॉलमध्ये, चाळीच्या चौकात, वस्तीतल्या मैदानात. कोर्टातून निकाल आणायचा तो सगळ्यांच्या हक्कासाठी, आणि तोवर पडदा काखोटीला मारून निघायचं.

कॅमेऱ्यासमोर जे उभे राहतात त्यांना काय मोजावं लागतं, हेही या कहाणीत आहे. 'राम के नाम'मध्ये पुजारी लालदास आहेत. न्यायालयानं नेमलेले, रामजन्मभूमीच्या मंदिरातले. देवाच्या नावानं चाललेल्या राजकारणाबद्दल ते कॅमेऱ्यापुढं शांतपणे, कसलाही आव न आणता बोलले. १९९३ च्या नोव्हेंबरात त्यांचा खून झाला. माहितीपटात ते अजून बोलतात. दाखवणाऱ्याला ते दर वेळी ऐकावं लागतं.

आणि विलास घोगरे.

'बॉम्बे: अवर सिटी'मध्ये वस्तीत गाणारा जो शाहीर आहे, तो हा. आव्हान नाट्य मंचाचा गायक, कवी, मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारा. आवाज असा की हातातलं काम थांबावं. ११ जुलै १९९७ ला सकाळी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलानं गोळीबार केला, दहा जण गेले. गॅसचे टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळी चालवावी लागली, असं सांगण्यात आलं. पुढं चौकशी करणाऱ्या गुंडेवार आयोगानं गोळीबार समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष काढला. पण ते पुढं. गोळीबारानंतर चार दिवसांनी विलास घोगरेंनी आपल्या खोलीत आयुष्य संपवलं. डोक्याला निळं फडकं बांधलं होतं.

बारा वर्षांपूर्वी ज्याचं गाणं आपल्या माहितीपटात घेतलं, तो माणूस गेला. तुम्ही-आम्ही काय करतो? भेटायला जातो, श्रद्धांजलीच्या सभेत दोन शब्द बोलतो, घरी येतो. पटवर्धनांनी कॅमेरा उचलला आणि तो चौदा वर्षं खाली ठेवला नाही. या माणसानं असं का केलं, या एका प्रश्नाच्या मागं ते लागले. रमाबाई नगरातल्या घराघरांत गेले. हौशी माणसानं त्या दिवशी केलेलं चित्रण घेऊन, टँकर कुठं उभे होते आणि गोळ्या कुठं चालल्या, यातलं अंतर तपासलं. शाहिरांच्या मागं गावोगाव गेले, भीमजयंतीच्या मिरवणुकांत चालले. खटले चालू होते, वस्तीतल्या लोकांवरचेही आणि पोलीस अधिकाऱ्यावरचाही. २००९ मध्ये त्या अधिकाऱ्याला जन्मठेप झाली, मग वरच्या कोर्टात जामीन. माहितीपट लवकर पुरा करून एखाद्या महोत्सवात नेता आला असता, विषय तर ताजा होता. पण खटल्यांचा शेवट लागल्याशिवाय याचाही शेवट करायचा नाही, असं त्यांनी धरून ठेवलं. ज्यांच्यावर बेतलं त्यांचं जितकं लांबलं, तितकं यांचंही लांबलं. त्या काळात कॅमेऱ्याच्या पिढ्या बदलल्या, मुलाखत दिलेली माणसं गेली, पाळण्यातली पोरं मिसरूड फुटून समोर बसली. मग 'जय भीम कॉम्रेड' आला.

माहितीपट संपेपर्यंत शाहिरांची नवी पिढी त्यात येऊन उभी राहते, पुण्याच्या कबीर कला मंचाची, शीतल साठेंची. नक्षलवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून त्यांच्यातल्या काहींना अटक झाली, काही भूमिगत झाले. सरकारकडून पुरस्काराचे म्हणून मिळालेले ५१ हजार रुपये पटवर्धनांनी त्यांच्या बचाव समितीला देऊन टाकले. यावर तेव्हा पुष्कळ लोक रागावले. रागवायला माझी हरकत नाही. पटवर्धनांची सगळी मतं मलाही पटतात असं नाही. आपली बाजू ते लपवत नाहीत, आणि कधी कधी समोरच्याला जरा जास्तच बोलू देऊन त्यालाच तोंडघशी पाडतात. पण ज्याच्या गाण्यासाठी चौदा वर्षं दिली, त्याच्या पाठच्या गाणाऱ्यांना तुरुंगात सोडून शाल पांघरून बसायचं, हे त्या वशात बसणारं नव्हतं.

'जय भीम कॉम्रेड' मी पाहिला तो एका वस्तीच्या पटांगणात. चादरीचा पडदा, प्रोजेक्टर ठेवायला चहावाल्याचं टेबल, बायका खाली सतरंजीवर, पोरं भिंतीवर. तीन तासांचा ऐवज. माझ्या शेजारचे गृहस्थ दोनदा उठून चहा पिऊन आले आणि दोन्ही वेळा 'काय झालं मधे?' म्हणून मलाच विचारलं. पडद्यावर वारा आला की माणसांचे चेहरे लाटेसारखे हलायचे. माझ्या पुढं एक म्हातारी बसली होती. पडद्यावर घोगरे आले की ती हलक्या आवाजात म्हणायची, "विलास." नुसतं तेवढंच. घरात कुणी आलं की म्हणतो तसं. दुसरं कुणी ओळखीचं दिसलं की त्याचंही नाव घ्यायची. थोड्या वेळानं तिच्या आजूबाजूच्या बायकाही घ्यायला लागल्या. पडद्यावर माणूस आला की खालून त्याचं नाव यायचं.

घरी आलो तेव्हा मध्यरात्र झाली होती. कपाटाचा खालचा कप्पा उघडला. पाकीट सापडायला वेळ लागला नाही. ते कुठं आहे हे मला तीस वर्षं माहीत होतं. खाकी रंग उडालेला, कडा मऊ पडलेल्या. पोराच्या हातात स्टोव्हची पिन तशीच उंच. ते पोर आता माझ्या मुलाच्या वयाचं असेल. पाकिटावर माझ्याच अक्षरात पत्ता लिहिलेला: 'नळाच्या मागे, रुळाकडून तिसरी झोपडी.'

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलनं तिथं गेलो. नळ नव्हता. रुळांना भिंत घातली होती, भिंतीला लागून रिक्षांचा स्टँड, त्यापलीकडं सात मजल्यांची इमारत. वॉचमननं विचारलं, "किसको मिलना है?" मी पाकीट दाखवलं. त्यानं फोटो बराच वेळ पाहिला, स्टँडवरच्या दोघा-तिघांना बोलावलं. एक म्हातारा रिक्षावाला म्हणाला, इथले काही लोक पुढं विरारकडं गेले, काही मानखुर्दला. "नाव सांगा, साहेब. नावावरून काढता येईल."

नात इतका वेळ गप्प होती. आता तिनं फोटो माझ्या हातातून घेतला, दिव्याजवळ नेला, उलटून पाठीमागं काही लिहिलंय का पाहिलं.

"मग तुम्ही नाव काय सांगितलं?" तिनं विचारलं.

तिची मूठ अजून मिटलेलीच होती. बोटांच्या फटीतून एक तांदूळ बाहेर आला होता.